किडनीतल्या दाहावरचं संशोधन इतकी वर्षं का चालतं?

तुम्ही विचारलंय की किडनी अचानक निकामी होते तेव्हा आत दाह होतो हे कळून इतका काळ लोटला, मग डॉक्टर आणि संशोधक अजून तिथेच का घुटमळतात? मी कोल्हापुरात किडनीचा डॉक्टर आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेबरोबर याच विषयावर बारा वर्षं काम करतोय, तेव्हा माझ्यापुरतं उत्तर देतो.

मुख्य अडचण वेळेची आहे. किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारं क्रिएटिनीन वाढलेलं दिसेपर्यंत इजा होऊन एखाद-दोन दिवस उलटलेले असतात, आणि तेवढ्यात आतला दाह बदलून जातो. उंदराच्या किडनीची रक्तवाहिनी अर्धा तास चिमट्यात धरून सोडली की काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात, मागोमाग मॅक्रोफेज ही त्यांची दुसरी जात. या मॅक्रोफेज पेशी पहिल्या एक-दोन दिवसांत आग भडकवतात, पुढे त्याच जातीच्या पेशी डागडुजीला लागतात. त्या सुरुवातीला काढून टाकल्या तर इजा कमी होते, उशिरा काढल्या तर किडनी भरून यायला वेळ लागतो. टी-पेशी या आणखी एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींचंही तसंच. 2001 साली अमेरिकेत हमीद रब्ब यांच्या गटाने त्यातल्या सीडी-4 नावाच्या गटातल्या पेशी नुकसान करतात हे उंदरांत दाखवलं. 2009 साली मार्क ओकुसा यांच्या गटाने त्यातल्याच नियामक, म्हणजे दाह आवरणाऱ्या, टी-पेशी किडनी राखतात हे दाखवलं. मग दाह सरसकट दाबून कसं चालेल? हृदयाच्या ऑपरेशनवेळी स्टेरॉइड देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, किडनीची इजा काही टळली नाही.

उंदराचं शून्य मिनिट आपल्याला ठाऊक असतं. जुलाबाने सुकून आलेल्या किंवा पुरानंतर लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) झालेल्या माणसाचं कुठून कळणार? म्हणून मला घोणसदंशाचा रुग्ण संशोधनाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. उसाच्या फडात साप चावला ती वेळ तो स्वतः सांगू शकतो. तिथून पुढे रक्त गोठेनासं होतं, रक्तदाब पडतो, लघवी कमी होते, आणि हे सगळं तासांच्या हिशेबात मांडता येतं.

पण हे कळायला आम्हाला एक अख्खा पावसाळा घालवावा लागला. पहिल्या वर्षी नमुन्यांवर दंशाच्या वेळेऐवजी दाखल झाल्याची वेळ लिहिली गेली. कुणी दोन तासांत आलेलं, कुणी मांत्रिकाकडून दुसऱ्या दिवशी. ते नमुने एकमेकांशी ताडून बघताच येईनात. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम स्वतः आल्या, रात्रपाळीच्या सिस्टरांबरोबर बसल्या, आणि नोंदीचा कागद त्या दोघींनी मिळून नव्याने केला. आजही तोच वापरतो.

शिवाय क्रिएटिनीन उतरलं, रुग्ण घरी गेला, की काम संपत नाही. काहींना पुढे रक्तदाब सुरू होतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. इथला शेतकरी बोलावलं की येतो. ऊसतोडीला आलेला कामगार हंगाम संपला की बीडकडे परत जातो, त्याला गाठणं फार अवघड. त्याला दर वर्षी फोन करणारी व्यक्ती तीच असेल, तर तो निदान फोन उचलतो.

गेल्या महिन्यात शिरोळ तालुक्यातले एक काका आठव्या वर्षी तपासणीला आले. त्यांच्या लघवीत पहिल्यांदाच प्रथिनं दिसली. दंशानंतर सहाव्या तासाला घेतलेला त्यांचा नमुना पुण्याला उणे 80 अंशांवर ठेवलेला आहे. मॅडमनी तो आता बाहेर काढलाय.