अनिता मुईची निम्मी गाणी जपानी चालींवर होती, तर हाँगकाँगवाले तिला एवढं का मानतात? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

उसन्या चाली होत्या, मान्य. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगचा सगळा बाजारच जपानी चालींवर पोसला होता, एकट्या अनिताचं ते नव्हतं. पण ‘मग त्यात तिचं स्वतःचं काय?’ असं जे तुम्ही पुढे विचारलंय, ते मी मिरजेत लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे गाणं म्हणजे ख्याल. बाकी सगळा टाइमपास. मी गणपतीत ऑर्केस्ट्रात गायचे. गाण्याच्या सरांना कळलं तेव्हा भर क्लासमध्ये म्हणाले, "दुसऱ्याचं गाणारा गवई नसतो, टेपरेकॉर्डर असतो. आणि मांडवात ओरडून गळ्याचं वाटोळं होतं ते वेगळंच." आमचे दादा, म्हणजे वडील, त्यांच्याच बाजूचे. क्लास सुटला, ऑर्केस्ट्रा सुटला नाही.

२००३ मध्ये आम्ही ह्यांच्या नोकरीपायी हाँगकाँगला, हुंग होममध्ये राहत होतो. वाईट वर्ष. सार्समुळे शाळा बंद, तोंडाला मास्क. १ एप्रिलला गायक-नट लेस्ली चुंग गेला, अनिताचा जिवलग मित्र. सप्टेंबरात तिने स्वतःच पत्रकारांपुढे सांगून टाकलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. बहीण ॲन २००० साली त्याच आजाराने गेली होती. आणि तरीही बाई नोव्हेंबरात कोलिझियम या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये आठ रात्री गायली.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक आजी होत्या. सुनेला ड्युटी लागली म्हणून तिचं तिकीट त्यांनी मला दिलं. कोलिझियम घरापासून चालत. वाटेत आजी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होत्या की लाई ची कोकच्या करमणूक बागेत हत्ती होता, तो दाखवायला त्या मुलांना न्यायच्या, आणि तिथेच स्टेजवर ही दोन बहिणींची जोडी गायची. अनिता तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. वडील तिच्या लहानपणीच वारलेले, आईचा गाण्याबजावण्याचा ताफा, पोरी गायल्या तर घर चालणार. पुढे नाईटक्लब, एका रात्रीत अनेक ठिकाणी. पंधराव्या वर्षी स्वरयंत्रावर गाठी आल्या, डॉक्टरांनी वर्षभर गप्प बसवलं. परत गायला लागली तेव्हा आवाज पार खाली उतरलेला. (सर इथे खूश झाले असते.) त्याच जाड, खर्जातल्या आवाजावर तिने १९८२ ची नवोदित गायकांची स्पर्धा मारली, तीही पॉला त्सुई या दुसऱ्या गायिकेचं गाणं गाऊन! पुढे १९८५ ते १९८९ ओळीने पाच वर्षं टीव्हीबी या तिथल्या टीव्ही वाहिनीची सर्वांत लोकप्रिय गायिका. १९९० मध्ये म्हणाली, आता बक्षिसं नकोत, नव्यांना द्या.

त्या रात्रीचं शेवटचं गाणं मावळतीचं. चाल जपानी, गायक मासाहिको कोंडोच्या गाण्याची. अंगावर पांढरा लग्नाचा पोशाख. लग्न झालंच नाही, तर मी रंगमंचाशी लग्न केलं, असं म्हणाली. गाणं संपल्यावर लांबलचक पदर ओढत पायऱ्या चढली, वळून ‘बाय बाय’ म्हणाली आणि आत गेली. आजी हमसून रडत होत्या. मला सरांना आणून शेजारच्या खुर्चीत बसवावंसं वाटत होतं. ३० डिसेंबरला ती गेली, चाळीस वर्षांची.

आता उसनेपणाचं. हाँगकाँगच्या कॅन्टोनीज भाषेत शब्द कोणत्या सुरात म्हटला यावर त्याचा अर्थ ठरतो. परकी चाल घेतली की गीतकाराला एकेका स्वराखाली त्याच चढउताराचा शब्द शोधून बसवावा लागतो, नाहीतर अर्थाचा अनर्थ. कोंडोच्या त्याच चालीवर १९८९ मध्येच हाँगकाँगच्याच प्रिसिला चान या गायिकेनेही गाणं केलं. दोन्ही लागोपाठ ऐका. प्रिसिला मैत्रिणीसारखा निरोप घेते, अनिता आयुष्याचा हिशेब मांडते. चाल तीच असून दोन्हींतलं एकही टेपरेकॉर्डर नव्हे.

हो, पाच वर्षांच्या पोरीला पोटासाठी रात्री-अपरात्री उभं करावं असं मी म्हणत नाहीये. त्याची किंमत तिने मोजली. पैसा ट्रस्टमध्ये ठेवून गेली तर आई वर्षानुवर्षं त्यावरून कोर्टात. आणि माझी कॅन्टोनीज भाजीबाजारापुरती, त्यामुळे शब्दांचं म्हणाल तर मी आजींच्या भरवशावर.

सुरुवात २००३ च्या मैफलीने करू नका, रडण्यात गाणं ऐकायचं राहून जातं. १९८५ चा ‘बॅड गर्ल’ अल्बम आधी ऐका, त्यातलं शीर्षकगीत ब्रिटिश गायिका शीना ईस्टनचं, म्हणजे तेही उसनंच. गाणं नको असेल तर ‘रूज’ सिनेमा बघा, त्यातल्या अभिनयासाठी तैवानचं गोल्डन हॉर्स पारितोषिक मिळालंय तिला. आणि तुम्ही कराओके गाता म्हणून मित्र हसतात असं लिहिलंय, त्यांना हसू दे. सदारंगाच्या बंदिशी जवळजवळ तीनशे वर्षं घराघरांतून गातायत, त्याला कोणी उसनं म्हणत नाही. हे मी सरांना फोनवर ऐकवलं होतं. म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं, ते अजून सांगायचंय त्यांनी.