गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा फॅन फिरतच राहतो, सकाळी बॅटरी उतरलेली असते. तापमानाचा सेन्सर बदलू का?

इतक्यात नको. मी बदलला होता; पैसे गेले, फॅन काही थांबला नाही.

चोर्ला घाट चढून गेल्यावर किंवा एसी लावून पणजीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर, चावी काढल्यानंतर दोन-पाच मिनिटं फॅन चालला तर बऱ्याच गाड्यांत ते ठीकच असतं. इंजिन थांबलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) खेळायचं थांबतं आणि आतली उष्णता थोडा वेळ उलट चढते. पण तुमची बॅटरी उतरते, म्हणजे प्रकरण वेगळं आहे. फॅन साधारण १०-२० अँपिअर ओढतो; छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्याला दोन-तीन तासच पुरते.

माझी गाडी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधी अशी बसली. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात, तिचं) सामान घेऊन डिचोलीहून घरी आलो, सामान उतरवलं, आंघोळ झाली, तरी बाहेर घर्र चालूच. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, संध्याकाळी पुन्हा तेच. मग शेजारचे काका आले. बसगाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणाले, "अरे, आधी रिले काढून बघ!" बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधून फॅनचा रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच, उपटला आणि फॅन थांबला. काकांनी रिलेचं झाकण उचकटलं. आतले दोन पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटलेले. नखाने ढकलले तेव्हा 'टक्' करून सुटले.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. हात पात्यांपासून लांब ठेवा. रिले काढून फॅन थांबला, तर त्याच नंबरचा दुसरा रिले (बरेचदा हॉर्नचा चालतो) तिथे लावा. आता फॅन गप्प असेल तर जुना रिले गेला. दुसऱ्या रिलेवरही चावी बंद असताना फिरला, तर रिलेला कुठून तरी हुकूम मिळतोय: वायर बॉडीला लागलीय, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय (आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात) किंवा मग सेन्सर. सेन्सरचा संशय स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) फेडा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान हवेइतकंच, २५-३० अंश दिसायला हवं. ११० किंवा उणे ४० दिसलं तर सेन्सर नाहीतर त्याची वायर. नुसतं सेन्सरचं कनेक्टर काढून निकाल लावू नका. बऱ्याच गाड्यांत ते काढलं की कॉम्प्युटर खबरदारी म्हणून स्वतःच फॅन चालू करतो.

रिले काढूनही फॅन फिरला, तर दुसरा रिले किंवा फॅनचं वेगळं मॉड्यूल (फॅन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असेल. ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच न्या.

तोवर रात्री रिले काढून ठेवा, पण सकाळी न विसरता लावा, नाहीतर इंजिन तापेल. मी तो दोऱ्याने चावीलाच बांधायचो.