तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत, बाजारातून फारसं काही न आणता, घरी काय बनवता येईल?

भाज्यांच्या ठशांपासून सुरुवात करा. जून भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचं फूल तयार मिळतं. अर्ध्या बटाट्यावर चांदणी किंवा पान कोरायचं काम मोठ्यांचं, ठसे मारायचं मुलांचं. कापलेली बाजू फडक्याने कोरडी करा, नाहीतर रंग पसरतो. ताटलीत ओल्या कापडाची घडी ठेवून त्यावर रंग ओतला की मूल भेंडी रंगात बुडवत नाही, नुसती टेकवते आणि ठसा स्वच्छ उठतो. रंग नसेल तर हळद कालवा किंवा बिटाचा रस घ्या, फक्त कपडे जुने घाला.

दुसरं म्हणजे मैद्याचा गोळा. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ आणि लागेल तसं साधारण 1 वाटी पाणी घालून घट्ट मळा. त्याच्या पणत्या, मणी, छोटे प्राणी छान होतात. मण्यांना भोकं ओले असतानाच पाडा. दोन-तीन दिवस वाळवून मग रंगवा. पावसाळ्यात हे टाळा, मीठ हवेतली ओल ओढतं आणि वस्तू मऊ पडतात. यात मीठ भरपूर असतं, त्यामुळे मूल तोंडात घालणार नाही याकडे लक्ष हवंच.

एक कळकळीची विनंती: मुलाने केलेला हत्ती हत्तीसारखा दिसत नसला तरी तो तुम्ही ‘नीट’ करून देऊ नका. त्याला विचारा, याची सोंड कुठाय? ते दाखवतं.