वही कोणाची ते आधी बघा: अकाउंट्सच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं

यावेळचे बरेचसे प्रश्न कॉमर्सला नव्याने आलेल्या मुलामुलींचे आहेत. वरवर वेगवेगळे दिसतात, पण बऱ्याच जणांचं अडतंय ते एकाच जागी, आपण कोणाच्या वहीत एन्ट्री करतोय हे ठरवायच्या आधीच डेबिट-क्रेडिटच्या मागे लागायचं. तर तिथूनच सुरुवात करू.

प्रश्न: मॅडम, क्लासमध्ये सांगितलं की बँकेत पैसे भरले की बँक खातं डेबिट. पण पासबुकात बघितलं तर तीच रक्कम क्रेडिटला! दोघांतलं बरोबर कोण?

दोघंही बरोबर आहेत गं. तू तुझ्या वहीत लिहितेस तेव्हा बँकेकडे तुझे पैसे येणे आहेत, म्हणजे ती तुझी मालमत्ता, मालमत्ता वाढली म्हणून डेबिट. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या तुझ्या खात्याची नक्कल, आणि बँकेच्या बाजूने बघितलं तर तू मागशील तेव्हा ते पैसे तिला परत द्यायचेत, म्हणजे तिच्यासाठी ते देणं, आणि देणं वाढलं की क्रेडिट. व्यवहार एकच, वह्या दोन.

बँक जुळवणी पत्रकात, म्हणजे आपली वही आणि पासबुक यांतल्या शिलकेचा फरक जुळवतो तिथे, मुलं गोंधळतात ती पण इथेच. कॅशबुकात, म्हणजे आपल्या रोख-बँकेच्या वहीत, बँकेची डेबिट शिल्लक असेल तर पासबुकात ती क्रेडिट दिसणार, आणि ओव्हरड्राफ्ट असेल, म्हणजे खात्यात होते त्यापेक्षा जास्त पैसे काढले असतील, तर बरोब्बर उलटं. गणित सोडवायला घेताना दिलेली शिल्लक कोणत्या वहीतली आहे ते आधी पेन्सिलने लिहून ठेव, मग पुढे जा.

प्रश्न: भांडवल हे मालकाचे स्वतःचे पैसे, मग ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला का लिहायचं? पाठ केलंय पण पटत नाही.

नुसतं पाठ करू नकोस, एक उदाहरण घे आणि कागदावर मांडून बघ. मालकाने ५०,००० रोख आणून धंदा सुरू केला. वही धंद्याची आहे, मालकाची नाही, आणि हिशेबापुरते हे दोघं वेगळे मानायचे. धंद्याकडे रोख ५०,००० आले, आणि ते आले मालकाकडून, म्हणजे धंदा मालकाला तेवढं देणं लागतो.

आता धंद्याने ३०,००० चा माल घेतला, २०,००० रोख दिले आणि १०,००० उधार ठेवले. ताळेबंदात एका बाजूला मालमत्ता, रोख ३०,००० आणि माल ३०,०००, मिळून ६०,०००. दुसऱ्या बाजूला भांडवल ५०,००० आणि धनको (ज्याचे पैसे आपण देणं लागतो तो) १०,०००, पुन्हा ६०,०००. मालमत्ता बरोबर भांडवल अधिक बाहेरची देणी, सगळं अकाउंट्स या एका समीकरणावर उभं आहे, कितीही व्यवहार टाका, दोन्ही बाजू सारख्याच राहणार.

आणि हो, मालकाने धंद्याच्या गल्ल्यातून स्वतःच्या घरचं वीजबिल भरलं तर तो धंद्याचा खर्च नाही, ती उचल, भांडवलातून वजा.

प्रश्न: नफा झाला असं पुस्तकात दिसतं, मग हातात पैसे का नसतात?

मला हा प्रश्न फार आवडला, कारण शिकलेली मोठी माणसंसुद्धा इथे फसतात. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. त्या मालातला अर्धा, म्हणजे १५,००० चा माल, २२,००० ला उधारीवर विकला. माल दिला तेव्हाच विक्री झाली, पैसे कधी का येईनात, म्हणून नफा ७,००० आजच धरायचा. रोख मात्र अजून ३०,००० च आहे. नंतर धनकोचे १०,००० चुकते केले, रोख उरली २०,०००. म्हणजे बघ, ५०,००० घेऊन सुरुवात केली, नफा झाला ७,०००, आणि गल्ल्यात फक्त २०,०००! कुठेही चोरी नाही, चूक नाही, बाकीचं सगळं मालात आणि ऋणकोंकडे (ज्यांच्याकडून आपले पैसे येणे आहेत त्यांच्याकडे) अडकलंय. धंदा नफ्यात असून पगार द्यायला पैसे नाहीत अशी वेळ येते ती यामुळेच, म्हणून नफा-तोटा पत्रक बघितलं की रोख कुठून आली, कुठे गेली ते दाखवणारं रोख प्रवाह पत्रक पण बघायची सवय आत्तापासून लावा.

खर्चालाही हाच नियम, पैसे कधी दिले ते नाही, खर्च कोणत्या काळाचा ते बघायचं. १२ महिन्यांचा विमा १२,००० भरला आणि वर्ष संपायला ३ महिनेच उरलेत तर या वर्षाचा खर्च ३,०००, उरलेले ९,००० आगाऊ भरलेला खर्च म्हणून मालमत्तेत.

घसारा पण याच घरातला. १,००,००० चं मशीन, ५ वर्षं चालणार, शेवटी भंगारात १०,००० येतील असा अंदाज, तर सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे उरलेले ९०,००० पाच वर्षांत सारखे वाटून, दर वर्षी १८,००० घसारा. हे १८,००० कोणाला द्यायचे नसतात, पैसे मशीन घेतलं तेव्हाच गेले, आपण फक्त तो खर्च ज्या वर्षांत मशीन वापरलं त्या वर्षांवर वाटतोय. घसारा काढला म्हणजे मशीनची बाजारातली किंमत कळली असं अजिबात नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा.

प्रश्न: तेरीज पत्रक जुळलं म्हणजे हिशेब बरोबर ना?

नाही! तेरीज पत्रक म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट आणि क्रेडिट शिलकांची यादी, ती जुळली की दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली एवढंच कळतं. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी तेरीज जुळते. मशीनच्या दुरुस्तीचे ४,००० चुकून मशीन खात्याला नावे (डेबिट) टाकले तरी जुळते, पण खर्च लपला आणि नफा जास्त दिसला. एकाचे पैसे दुसऱ्या ऋणकोच्या खात्यात जमा केले तरी जुळते.

आणि जुळलं नाही तर घाबरून सगळं पुन्हा लिहायला बसू नका. फरकाला २ ने भागा, तेवढीच रक्कम कुठे दिसते का बघा, दिसली तर ती उलट्या बाजूला पडलेली असू शकते. फरकाला ९ ने भाग जातोय का तेही बघा, जात असेल तर आकडे उलटसुलट झाल्याची शक्यता मोठी, जसं ५४० च्या जागी ४५०, फरक ९०. यातलं काहीच लागू होत नसेल तर मग खातेवहीतली एकेक शिल्लक तेरजेत आली का ते टिक करत जा, बहुतेक वेळा एखादं खातंच उतरवायचं राहिलेलं सापडतं.

प्रश्न: ही दुहेरी नोंद पद्धत शोधली कोणी?

प्रत्येक व्यवहार एका खात्यात डेबिट आणि दुसऱ्यात क्रेडिट लिहायच्या या पद्धतीसाठी लुका पाचोली या इटालियन गणितज्ञांचं नाव घेतात, त्यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. पण शोध त्यांचा नाही, इटलीतले व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून असेच हिशेब ठेवत होते. परीक्षेत "शोधली" लिहू नका, "मांडली" लिहा.