माउंटन डल्सिमर (मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं अमेरिकेतलं तारवाद्य) सहा महिने शिकतोय, गाणी बरोबर वाजतात पण ऐकणाऱ्याला काहीच वाटत नाही. हातात सफाई आणि वाजवण्यात भाव कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की टॅब (चाल आकड्यांत लिहिलेले कागद) बघून पंचवीस गाणी बसवली, मेट्रोनोमला (ठेका मोजून देणाऱ्या यंत्राला) धरून वाजतात, पण घरचे म्हणतात सगळी सारखीच वाटतात. आणि पुढे विचारलंय की आता कॉर्ड (दोन-तीन स्वर एकदम दाबून वाजवणं) शिकू का, रोज किती वेळ बसू, चार तारांचं घेऊ का. मी इथे फक्त वाचायला येते, पण हे वाचून राहवलं नाही, कारण माझी दोन वर्षं अश्शीच गेलीत.

टॅबचे कागद उचलून ठेवा. आजच. कॉर्डचं तर नावच काढू नका.

मी मिरजेची, सतारमेकरांच्या गल्लीजवळ लहानपण गेलं, तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवत सरकवत तो आवाज अचानक उघडतो ना, ते ऐकत मोठी झाले. लग्नानंतर नवऱ्याला व्हिसाच्या अटीसाठी तीन वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करायचं होतं म्हणून आम्ही केंटकीच्या पूर्वेला डोंगरातल्या एका कोळसाखाणीच्या गावात गेलो, आणि तीनची अकरा वर्षं झाली. तिथल्या एका दुकानात हे वाद्य भिंतीला टांगलेलं दिसलं, मधे कंबर असलेलं, तीन तारांचं. मांडीवर आडवं घेऊन नुसत्या मोकळ्या तारांवरून बोट फिरवलं तर सा आणि पंचम! माहेरापासून इतक्या लांब, त्या थंडीत, दुकानात उभी राहून रडले मी. (इकडच्या नातेवाईकांना अजून वाटतं मी संतूर वाजवते. ते काड्यांनी वाजवायचं हॅमर्ड डल्सिमर, ते वेगळं वाद्य, याचा त्याचा नावापुरताच संबंध.)

मग तीन दिवसांचं वर्कशॉप केलं, चांगले पैसे भरून. शिकवणारे त्या भागात नावाजलेले होते. माझ्या हातात नोटर होता, म्हणजे ती बोटाएवढी लाकडी काडी, जिच्यानं एकच तार दाबत पडद्यांवरून (तारांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून) घसरत जायचं आणि बाकीच्या तारा मागे मोकळ्या वाजत राहतात. त्यांनी सगळ्यांसमोर ती काडी माझ्या हातातून काढून माझ्याच केसमधे ठेवली. म्हणाले हे जुन्या लोकांचं, यानं बोटं तयार होत नाहीत, आणि स्वरावर घसरत येऊ नकोस, ते बेसूर लागतं, स्वच्छ ये. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला एवढे शिकलेले आहेत ते, सांगतात तसं कर की. केलं. दोन वर्षं टॅब, कॉर्ड, पिक (तारा छेडायची पट्टी), स्पीड. चाळीसेक गाणी झाली आणि एकही माझं नव्हतं.

शेजारी एक म्हातारी बाई राहायच्या, अख्खी गल्ली त्यांना मॅमॉ म्हणायची, म्हणजे तिकडच्या बोलीत आजी. त्यांच्या ओसरीवर एकदा मी कागद समोर ठेवून दोन गाणी वाजवून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, याचे शब्द काय आहेत? मला एक ओळ येत नव्हती. दोन वर्षं ते गाणं वाजवत होते मी!

मग त्यांनी ते आधी नुसतं गायलं, वाद्याला हात न लावता. प्रत्येक ओळ कमीजास्त लांबीची, श्वास संपेल तिथे थांबायच्या, मोजून बिजून काही नाही. मग माझं डल्सिमर मांडीवर घेतलं, उजव्या हातात दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमधून कापलेली पट्टी, डाव्यात स्वतःचा नोटर, मधोमध झिजून खाच पडलेला. त्या गाण्यात मुलगी घर सोडून जाते असं आहे. आईचा उल्लेख आला तिथे मॅमॉंनी तार छेडलीच नाही, आधीचा स्वर विरत होता त्यावरच नोटर हळूच वर सरकवला, आणि लाकूड तारेवर घासल्याचा तो बारीक किरकिर आवाज, ज्याच्यासाठी मला वर्कशॉपमधे टोकलं होतं, तो हुंदक्यासारखा आला. तिसऱ्या कडव्यात तर एका ओळीला एकच झोत, म्हणजे तारांवरून हात एकदाच, तोही पडद्यांच्या जवळ, मऊ. स्वर तेच, जे मी वाजवलं होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आधी गाणं तोंडात यायला हवं. तुमचा गळा चांगला असो नसो, आठ दिवस एकच गाणं म्हणा, भांडी घासताना म्हणा, मग कागदाशिवाय एका तारेवर नोटरनं शोधा. सापडतं. पडदे सगळे सप्तकाचेच आहेत, मधले अर्धे नाहीत, त्यामुळे हरवायला होत नाही. आपल्याकडे थोडं शिकलेल्यांना तर हे फारच सोपं: डी-ए-डी (तिन्ही तारांचे सूर, शेवटचा चाल वाजवायच्या तारेचा) लावलं की मोकळ्या तारेपासून खमाज थाट (साडेसहाचा, म्हणजे सहाव्या-सातव्याच्या मधला जादा पडदा असेल तर शुद्ध नी पण), डी-ए-ए लावलं की तिसऱ्या पडद्यापासून बिलावल, डी-ए-सी ला पहिल्यापासून आसावरी, डी-ए-जी ला चौथ्यापासून काफी. सा आणि पंचम हलत नाहीत, चालीची एकच तार उतरवायची, बास. पडद्यांमुळे आपल्यासारखी अखंड मींड निघत नाही, पण घसरत जाताना जी ओढ येते ती याच वाद्याची आहे. ते बेसूर नाहीच. वर्कशॉपमधले ते सर आज भेटले तर तोंडावर सांगेन.

सफाईचं म्हणाल तर ती उजव्या हातात. डाव्या हाताचं कौतुक सगळे करतात, पण कुठे जोर द्यायचा, कुठे एकच तार छेडायची, कुठे गप्प बसायचं हे उजवा ठरवतो. घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ) वाजवलं की आवाज टणक, शेवटच्या पडद्यांवर वाजवलं की मऊ, हे किती जण वापरतात? आणि प्रत्येक मात्रेला झोत मारायची सवय सोडा, तुमच्या घरच्यांना सगळं सारखं वाटतं ते त्यामुळेच.

लोकगीतं गाणाऱ्या जीन रिचींची रेकॉर्डिंग ऐका. केंटकीतल्या वायपर गावच्या, जन्म १९२२, चौदा भावंडांत शेंडेफळ. न्यूयॉर्कला गेल्या आणि हे वाद्य डोंगराबाहेर पोचलं त्यात त्यांचा मोठा हात. आवाज पुढे, डल्सिमर मागून चालतंय, त्यात दाखवायचं काहीच नाही. त्याच भागात, नॉट काउंटीत, एड थॉमस १८७१ पासून ही वाद्यं बनवायचे. म्हणजे ज्यांना 'जुने लोक' म्हणून बाजूला सारतात त्यांच्याच हातात हे वाढलं, आणि त्यांचीच काडी केसमधे ठेवायला सांगायची? कॉर्डच वाजवायचे तर गिटार आहे की.

हां, हे पण सांगायला हवं की कॉर्ड घेऊन, नुसत्या बोटांनी फार सुंदर वाजवणारी माणसं मी ऐकली आहेत, डोळ्यात पाणी येईल असं. पण ते मोकळ्या तारांचा हा तंबोऱ्यासारखा सूर आधी कानात मुरल्यावर तिकडे गेलेले वाटतात, सहाव्या महिन्यात नाही. आणि टॅब विसरलेली चाल आठवायला ठीक आहे. नवरा आता म्हणतो की त्या दोन वर्षांत तुझी बोटं तर तयार झाली ना. झाली असतील. मला ती दोन वर्षं मॅमॉंच्या ओसरीवर हवी होती, नंतर त्या फार दिवस नव्हत्या.

रोज चाळीस मिनिटं पुरे, त्यातली दहा नुसती तारा लावण्यात गेली तरी चालतील, ट्यूनर बंद करून कानानं लावा. चार तारांचं नवीन घेऊ नका. चौथी म्हणजे बहुतेक वेळा चालीची तारच दोनदा असते, दोन्ही कायम एका सुरात ठेवायच्या आणि नोटर दोन्हींवर सारखा दाबायचा, उगाच त्रास. माझं दुसरं वाद्य चार तारांचं आलं होतं, मी एक काढून टाकली.