गरिबीचा आरोग्यावर परिणाम शहरात आणि खेड्यात वेगळा होतो का?

रोग वेगळे दिसतात, पण मूळ बहुतेक वेळा रोजगार आणि घर यांतच सापडतं.

बीडच्या ऊसतोड कामगारांचं घ्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे कामाची एक जोडी, धरली जाते. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, त्यामुळे एक दिवस जरी खाडा पडला तरी पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीचा त्रास किंवा अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारींवर साधे उपचार घ्यायलाही सवड नसते. मग खासगी डॉक्टर 'गर्भपिशवी काढून टाका' म्हणतो आणि बाई पटकन तयार होते. 2019 मध्ये या शस्त्रक्रियांचा इतका बोभाटा झाला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. तिने हिशेब केलेला असतो, फक्त त्याची किंमत तिच्या शरीराने मोजलेली असते.

मुंबईत गोवंडीला सरकारी दवाखाना तुलनेने जवळ आहे. पण शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड, आणि ऊन-वारा न शिरणाऱ्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. तिथे टीबी एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. औषध सरकार फुकट देतं. बुडालेली हजेरी मात्र कोणी भरून देत नाही.