कोल्हापुरातलं बंद घर कुणी परस्पर विकू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिवाजी पेठेतलं घर चार वर्षं कुलूपबंद आहे, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे, आजोबा आणि वडील दोघंही गेले, तुम्ही इंग्लंडात. तिथं लँड रजिस्ट्रीकडं १० मिळकतींपर्यंत फुकट नोंद करून ठेवली की कुणी हालचाल केल्यावर ईमेल येतो. मग इथं नजर कशी ठेवायची, आणि चुलतभावाला मुखत्यारपत्र द्यायचं का?

मी १९ वर्षं कोल्हापुरात वकिलांसाठी सर्च काढतो. कुणी घर घेणार असलं की त्या मिळकतीचे ३० वर्षांचे व्यवहार हुडकायचे, यावर माझं पोट आहे. म्हणून सरळच सांगतो: हो, विकू शकतं. मालकी जात नाही, कारण जे ज्याचं नाही ते त्याला विकताच येत नाही. पण कागद तयार होतो, आणि तो रद्द करून घेण्यात वर्षं तुमची जातात.

रजिस्टर दस्त म्हणजे सरकारनं मालकीवर मारलेला शिक्का, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. दुय्यम निबंधकापुढं माणसं उभी राहिली, मुद्रांक भरलेला असला, ओळखदार आले, फोटो आणि अंगठा झाला की दस्त नोंदला जातो. विकणारा खरा मालक आहे का, हे हुडकणं घेणाऱ्याचं काम. आणि घेणारा पुष्कळदा सर्चचे पैसे वाचवतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आत्याचं मंगळवार पेठेत घर आहे. तिचे यजमान (आमच्यात त्यांना मामाच म्हणतात) शाहूपुरीत गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. ते २०११ मध्ये गेले. आत्या लेकीकडं सांगलीला गेली, घराला कुलूप. वारस नोंद 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत राहून गेली. २०१७ मध्ये शेजारच्या वहिनींनी फोन केला, घरफाळ्याच्या बिलावर मामांच्या नावाखाली भोगवटदार म्हणून कुणा भलत्याचंच नाव आलंय. मी ऑनलाइन ई-सर्च केला, म्हणजे नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर दस्त हुडकला, तर काहीच सापडेना. मग लक्षात आलं, मी 'बी वॉर्ड' टाकत होतो आणि दस्तात 'ब वॉर्ड' लिहिलं होतं. नक्कल काढली. मामांनी २०१५ मध्ये कुणाला तरी नोटरी मुखत्यारपत्र दिलंय आणि त्या मुखत्यारानं साठेखत, म्हणजे घर विकण्याचा करार, केलंय! मेल्यावर चार वर्षांनी मामा नोटरीकडं जाऊन आले होते. त्यात सही बाळबोधीत. मामा उभ्या आयुष्यात मोडीशिवाय सही करत नसत, बँकेतसुद्धा नाही. आत्यानं नक्कल हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "ह्यांना एवढं सुबक कुठं येत होतं?"

मुखत्यारपत्र देणारा मेला की मुखत्यारपत्रही संपतं, त्यामुळं कायद्यानं तो कागद फुसकाच होता. तरी फौजदारी तक्रार, साठेखत रद्द करण्याचा दिवाणी दावा, सगळं करावं लागलं. घेणाराही फसलेलाच निघाला, बिचाऱ्यानं विसार मोजला होता. आणि घरफाळ्याच्या बिलावरची ती दुसरी ओळ निघायला आठ महिने लागले. दाव्यापेक्षा आत्याला त्याचाच जास्त त्रास झाला.

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत झालंय, ते तुम्हाला कडू लागेल. चोर घर हेरत नाही, नाव हेरतो. कार्डावर मयताचं नाव असलं की हरकत घेणारा माणूस कागदावर शिल्लकच नसतो. नोटिसा निघाल्याच तर त्याही आजोबांच्या नावानं निघणार. तेव्हा कॅमेरा, कुलूप, पाटी यांच्या आधी वारस नोंद करा. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज नगर भूमापन कार्यालयात द्यायचा. वारस म्हणजे सगळे, आत्यांसकट. बहिणींची नावं गाळून केलेली नोंद हीसुद्धा फसवणूकच, आणि आपल्याकडं ती बाहेरच्या भामट्यांपेक्षा जास्त चालते, हे मी माझ्या सर्चवरून सांगतो.

यातच तुमच्या चुलतभावाचा विषय येतो. घर आजोबांच्या नावावर आहे म्हणजे ते तुमचं एकट्याचं नाही. त्याच्या वडिलांचा हिस्सा असेल तर तोही धनी आहे. त्यानं आपला अविभक्त हिस्सा विकला तर त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. फक्त मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणं, कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या तिऱ्हाइताला आत येऊन तुमच्याबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. भावाशी आधी बोला. सगळे मिळून नावं लावाल तर निम्मं काम झालं.

राहिली नजर ठेवायची गोष्ट. ईमेलच्या भरवशावर राहू नका, स्वतःच बघा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मालमत्ता पत्रक (तेच प्रॉपर्टी कार्ड) फुकट दिसतं. तीन महिन्यांतून एकदा उघडायचं आणि खालच्या नोंदी वाचायच्या. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराच्या, म्हणजे नावबदलाच्या, नोटिसा लागतात. हरकतीला साधारण १५ दिवस मिळतात, ते इंग्लंडात बसूनही कळू शकतं. ई-सर्च करताना सिटी सर्व्हे नंबर 'ए वॉर्ड' आणि 'अ वॉर्ड' असा दोन्ही तऱ्हेनं टाकून बघा. शहरालगतच्या पाचगाव, कळंबा भागात प्लॉट असता तर सातबारा बघा म्हणालो असतो. डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो.

घरफाळा आणि पाणीपट्टी थकवू नका. त्यानं मालकी सिद्ध होत नाही हे खरं, पण थकबाकी भरून त्या खात्यात आपलं नाव घुसवणारे असतात आणि पुढं हीच पावती कोर्टात दाखवतात. एखाद्या शेजाऱ्याला बिल आलं की फोटो पाठवायला सांगा. पेपरातल्या जाहीर नोटिसाही तेच वाचतील, आपल्या पेठेत त्या सकाळी चहाबरोबर वाचणारी माणसं अजून आहेत. वकिलामार्फत तुम्हीही एक जाहीर नोटीस देऊन ठेवू शकता: या मिळकतीचं मुखत्यारपत्र कुणालाही दिलेलं नाही. दुय्यम निबंधकाकडं तसा अर्ज देता येतो, पण नुसत्या अर्जावर दस्त थांबेलच असं नाही, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. कोर्टात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज) टाकलं तर ते ९० दिवसच टिकतं. घर कुणाला राहायला दिलंत, अगदी नात्यातल्याला, तरी लिव्ह अँड लायसन्स नोंदवूनच द्या. १२ वर्षं बिनबोभाट कब्जा झाला की कब्जेदारच मालकी सांगू लागतो, ती वेगळीच डोकेदुखी.

काही सापडलंच तर तारीख लिहून ठेवा. दस्त रद्द करण्याचा दावा लावायला, कळल्या दिवसापासून ३ वर्षं असतात. तोतया उभा करून दस्त नोंदवला असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. आधारची झेरॉक्स कुणाला द्यायचीच झाली तर आकडे झाकलेली द्या.

आता मुखत्यारपत्र. वारस नोंदीसाठी कुणाला तरी द्यावंच लागेल, भावाला दिलं तरी माझी हरकत नाही. तुम्ही ते तिकडच्या भारतीय उच्चायुक्तालयात करा. महाराष्ट्रात आल्यावर ३ महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्या. त्यात कामं मोजून लिहा: वारस नोंद, घरफाळा, पाणीपट्टी, लाइट बिल. मुदतही घाला, वर्षभराची. मसुदा मात्र इथल्या टायपिस्टकडून आला तर शेवटपर्यंत वाचा. त्याच्या कॉम्प्युटरवर एकच जुनी फाइल असते आणि आठव्या-नवव्या कलमात 'विक्री, गहाण, बक्षीस व इतर सर्व अनुषंगिक कामे' हे आपोआप बसलेलं असतं. काढायला सांगितलं की म्हणतो, "साहेब, हे सगळ्यांच्यात असतंय." असू दे. तुमच्यातनं काढायला लावा.